सजन, मयूर, सैराट... दोघांचं मिळून एकच नाव!

२०२१ च्या डिसेंबरातली गोष्ट. नागपूरहून शिकायला म्हणून पुण्यात आमच्याकडे राहिलेली भाची संध्याकाळी कॉलेजातून आली ती थेट सोफ्यावर कोसळली. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. "मामी, सैराट संपलं गं!" एवढंच म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून बसली.

माझ्या सासूबाई शेजारीच मेथी निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "अगं, ते तर कधीचंच संपलं. दोघंही जातात ना शेवटी. ते लेकरू रक्ताची पावलं उमटवत रडत बाहेर येतं, माझ्याच्यानं तर बघवलं नव्हतं."

"आजी, ते सैराट नाही! आमचं सैराट!"

हे 'आमचं सैराट' काय प्रकरण आहे, ते समजून घ्यायला आम्हां दोघींना चांगला अर्धा तास लागला. ५ ऑक्टोबर २०२० पासून स्टार प्लसवर 'गुम है किसी के प्यार में' ही हिंदी मालिका सुरू झाली होती. मूळ कथा 'कुसुम डोला' या बंगाली मालिकेची, पण हिंदीत येताना ती चक्क मराठी झाली. नागपूरचं चव्हाण कुटुंब, त्या घरातला पोलीस अधिकारी विराट आणि गडचिरोलीहून त्या घरात सून म्हणून आलेली सई जोशी. सई अधिक विराट म्हणजे सैराट! २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या चित्रपटानं घराघरांत पोहोचवलेला शब्द त्या जोडीला आयताच मिळाला होता. देशभरातल्या चाहत्यांनी तो उचलला. त्यांतल्या कित्येकांना मराठीचा गंधही नसेल.

आणि 'संपलं' ते काय? तर विराटचं काम करणारे नील भट्ट यांनी ३० नोव्हेंबर २०२१ रोजी लग्न केलं होतं. सईचं काम करणाऱ्या आयशा सिंगशी नव्हे, तर मालिकेत या दोघांच्या मध्ये येणाऱ्या पाखीचं काम करणाऱ्या ऐश्वर्या शर्माशी.

"मग? चांगलं झालं की," सासूबाई म्हणाल्या. "मालिकेत तर अजून सईच बायको आहे ना त्याची?"

भाचीनं आमच्याकडे असं काही पाहिलं, की आम्ही दोघी गप्प झालो.

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे मात्र या जोडनावांचा नाद मलाच लागला.

अर्धं तुझं, अर्धं माझं

दोन नावांचे तुकडे जोडून एक नाव करायची ही रीत पडद्याच्या दुनियेत शंभर वर्षं जुनी आहे. मूकपटांच्या काळातले हॉलिवूडचे लाडके नटनटी डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड यांचं १९२० मध्ये लग्न झालं. त्यांच्या बेव्हर्ली हिल्समधल्या बंगल्याचं नाव पडलं 'पिकफेअर'. पुढे टीव्हीच्या बाल्यावस्थेत देसी आर्नाझ आणि लुसिल बॉल या नवराबायकोनं आपल्या निर्मितीसंस्थेला 'देसीलू' म्हटलं. पण ही नावं खऱ्या जोडप्यांची होती, घराची आणि धंद्याची होती. ज्यांचा संसार फक्त पडद्यावर, अशांना प्रेक्षकांनी नाव द्यायचं, हे बरंच नंतरचं. अमेरिकेत १९९३ मध्ये 'द एक्स-फाइल्स' सुरू झाली. मल्डर आणि स्कली या दोन सहकाऱ्यांचं एकदाचं जमावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेल्या प्रेक्षकांना 'रिलेशनशिपर' म्हणू लागले. त्याचंच आखूड होऊन 'शिपर' झालं आणि अशी जोडी मनात धरून बसण्याला 'शिपिंग'. माझी भाची हा शब्द बोलते तेव्हा सासूबाईंना अजूनही बंदरातली जहाजंच दिसतात.

आपल्याकडे पडद्यावरच्या जोड्यांवर जीव टाकणारे प्रेक्षक काही आजचे नाहीत. २००१ च्या सुरुवातीला 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला मिहीर मेला, तेव्हा आमच्या सोसायटीत सुतक पडल्यासारखं झालं होतं. जिन्यात बायका त्याच्याबद्दल बोलायच्या ते घरातलं माणूस गेल्यासारखं. देशभर असा काही गहजब झाला, की मेलेल्या मिहीरला परत आणावं लागलं. पण त्या काळात कुणी त्या जोडीला एका शब्दात बांधलं नव्हतं. ते 'तुलसी आणि मिहीर' होते. फार तर दोघांच्या मध्ये एक आडवी रेघ.

ती रेघ पुसली गेली इंटरनेटमुळे, आणि तीही अगदी व्यावहारिक कारणानं. हॅशटॅग नावाचा प्रकार २००७ मध्ये ट्विटरवर सुरू झाला. त्यात मध्ये जागा सोडता येत नाही, आडवी रेघ दिली की शब्द तिथंच तुटतो. शिवाय २०१७ पर्यंत तिथल्या एका संदेशाला १४० अक्षरांची मर्यादा होती. नायक-नायिकेची पूर्ण नावं लिहीत बसलं तर मनातलं सांगायला जागा उरायची कुठे? एका रात्री हजारो अनोळखी माणसांनी एकच गोष्ट एकाच वेळी म्हणायची, तर शब्द एकच हवा, आखूड हवा आणि दुसऱ्या कुणाचा नको. प्रेम आधीपासून होतंच. जोडनावामुळे ते मोजता येऊ लागलं.

आपल्या नावांना ही मोडतोड मानवते, असं माझं निरीक्षण आहे. इंग्रजी नावांचे तुकडे जोडले की बहुतेकदा औषधाच्या बाटलीवरचं नाव तयार होतं. आपली नावं अक्षरांनी घडलेली, त्यामुळे कुठंही कापा, तुकडा उच्चारता येतो. पुष्कळदा तर जोडून झालेला शब्द अगोदरच कोशात बसलेला असतो. २००८ ते २०१० या काळात स्टार वनवर 'मिले जब हम तुम' ही कॉलेजातल्या मुलांची मालिका होती. त्यातल्या सम्राट आणि गुंजनचं झालं 'सजन', मयंक आणि नूपुरचं 'मयूर'. आता याहून चांगलं नाव एखाद्या कवीनं तरी काय दिलं असतं? २०१४ च्या 'कैसी ये यारियां' मधले मानिक आणि नंदिनी 'मनन' झाले. 'इश्कबाज' मधले शिवाय आणि अनिका म्हणजे 'शिविका', 'कुमकुम भाग्य' मधले अभि आणि प्रज्ञा म्हणजे 'अभिज्ञा', 'ये है मोहब्बतें' मधले इशिता आणि रमण म्हणजे 'इश्रा'.

यात एक गंमत देवनागरीत लिहिताना हरवते. चाहते ही नावं रोमन लिपीत लिहितात आणि जोड कुठे आहे ते कळावं म्हणून मधलं अक्षर मोठं काढतात. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. 'सजन' लिहिलं की शिवण दिसतच नाही.

आधी कोणाचं अक्षर घ्यायचं, यावर चाहत्यांत वाद होतात. हा वाद आपल्याकडे अडीच हजार वर्षांचा तरी असावा. दोन शब्दांचा द्वंद्व समास करताना ज्यात स्वर कमी तो शब्द आधी घ्यावा, असा नियम पाणिनीनं घालून दिला. ज्याचा मान मोठा तो आधी, अशी भर पुढच्या व्याकरणकारांनी घातली. लक्ष्मीनारायण, राधाकृष्ण, सीताराम यांत देवीला पहिला मान आहे. 'नवराबायको' म्हणताना मात्र आपण तो सोयीनं विसरतो. मालिकांच्या जोडनावांतही बहुधा नायकच पुढे असतो. 'सैराट' आणि 'इश्रा' हे अपवाद आणि आणखी एक अपवाद 'मान'. 'अनुपमा' मालिकेतल्या अनुपमा आणि अनुज यांची पंचाईत अशी, की दोघांचीही नावं 'अनु'नं सुरू होतात. पहिली अक्षरं घ्यायची सोयच नाही. मग तिच्या नावाचं शेवटचं 'मा' घेतलं, त्याच्या नावाचं पहिलं 'अन्' घेतलं आणि 'मान' तयार झालं. मोठाली मुलं असलेल्या, घटस्फोटित, पंचेचाळिशीच्या आसपासच्या बाईला मिळालेलं हे जोडनाव आहे, हे मला विशेष वाटतं. कॉलेजातल्या पोरापोरींसाठी निघालेला खेळ सासूच्या वयाच्या नायिकेपर्यंत आला.

पाळण्यातलं नाव

चाहत्यांनी ठेवलेलं नाव मालिकेत शिरल्याचं सर्वांत मजेदार उदाहरण 'ये रिश्ता क्या कहलाता है' चं. जानेवारी २००९ पासून ही मालिका चालू आहे, म्हणजे तिच्या पहिल्या भागाच्या दिवशी जन्मलेलं मूल आज मतदार व्हायच्या बेताला आलं. सुरुवातीची जोडी नैतिक आणि अक्षरा. त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव लेखकांनी ठेवलं 'नक्ष'. 'न' बापाचा, 'क्ष' आईचा. मुलगी झाली ती 'नायरा'. आईबापांच्या नावांतून मुलांची नावं जुळवायची हौस आपल्यालाही आहेच की. बारशाच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलेले आई-वडील तुम्हीही पाहिले असतील.

ही नायरा मोठी झाली, कार्तिकच्या प्रेमात पडली. चाहत्यांनी त्यांना 'कायरा' म्हणायला सुरुवात केली. हे जोडनाव इतकं रूढ झालं, की पुढे या दोघांना मुलगा झाल्यावर त्याचं नाव मालिकेत 'कैरव' ठेवलं गेलं! नंतरच्या पिढीत अभिमन्यू आणि दुसरी अक्षरा आली. चाहते त्यांना 'अभिरा' म्हणत. नोव्हेंबर २०२३ मध्ये कथा पुन्हा एक पिढी पुढे सरकली आणि नव्या नायिकेचं नाव निघालं अभिरा. प्रेक्षकांनी लाडानं ठेवलेलं नाव असं लेखकाच्या वहीत जाऊन बसलं.

आणि 'इस प्यार को क्या नाम दूं?' मालिकेचं काय सांगावं! 'या प्रेमाला मी काय नाव देऊ' असा प्रश्न मालिकेनं शीर्षकातच विचारला होता. जून २०११ मध्ये ती सुरू झाली. अर्णव आणि खुशीला जवळ आणायला लेखक अजून आढेवेढे घेत होते, तोवर प्रेक्षकांनी उत्तर देऊनही टाकलं होतं, 'अर्शी'. अर्णवचं काम करणारे बरुण सोबती यांनी मालिका सोडली आणि ३० नोव्हेंबर २०१२ रोजी ती संपली. 'अर्शी' मात्र संपलं नाही. २०१५ मध्ये त्याच दोघांना घेऊन आठ छोट्या भागांची मालिका हॉटस्टारसाठी काढावी लागली.

मराठी मालिकांच्या प्रेक्षकाचा स्वभाव मला थोडा वेगळा वाटतो. आपल्याला अक्षरं तोडण्यापेक्षा हाक उचलायला आवडते. कोल्हापूरकडच्या मातीतली 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ मध्ये झी मराठीवर आली, तेव्हा पैलवान गडी आणि शिक्षिका यांची अख्ख्या महाराष्ट्रात एकच ओळख होती, राणादा आणि पाठकबाई. ती त्याची बायको झाली तरी पाठकबाईच. 'होणार सून मी ह्या घरची' मधली जान्हवी लाडानं 'काहीही हं श्री' म्हणायची, ते घराघरांत ऐकू यायचं. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' मधले घना आणि राधा तर जन्मतःच जोडीनं आले होते. घनश्याम आणि राधा म्हटल्यावर आणखी काय जोडायचं? अक्षरं जोडणारी तरुण मुलं आता मराठीतही आहेत, पण चाळिशीपुढचा प्रेक्षक अजून हाकेवरच खूश आहे.

नाव दिलं की हक्क आला

इथवर सगळं गोड आहे. पण आपण एखाद्या मांजराला नाव ठेवलं, की ते 'आपलं' होतं, तसंच काहीसं इथंही होतं. लेखक, वाहिनी आणि नट यांची समजूत असते, की जोडी आपली आहे. ज्यांनी नाव ठेवलं त्यांना ती आपली वाटते. भांडणाचं मूळ इथंच आहे.

कधी या भांडणात प्रेक्षक जिंकतात. देव आणि सोनाक्षी म्हणजे 'देवाक्षी'. त्यांची 'कुछ रंग प्यार के ऐसे भी' सोनीवर ऑगस्ट २०१७ मध्ये बंद झाली. चाहत्यांनी एवढा धोशा लावला, की सप्टेंबरमध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली. 'मनन' वाल्यांची चिकाटी तर त्याहून मोठी. २०१५ मध्ये थांबलेली त्यांची मालिका २०१८ मध्ये वूटवर परतली आणि २०२२ च्या डिसेंबरात चौथ्यांदा. टीआरपीचं गणित पन्नास हजारांहून अधिक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून मांडलं जातं. त्या घरांत तुमचं-माझं घर बहुधा नसतं, वसतिगृहात मोबाइलवर मालिका पाहणारी मुलगी तर नसतेच. तिच्या हातात आपण आहोत हे दाखवायला तो एक शब्दच असतो.

कधी पडद्यावरची जोडणी आयुष्यातही खरी होते. 'सजन' मधले गुंजन आणि सम्राट आठवतात ना? त्यांची कामं करणारे सनाया इराणी आणि मोहित सहगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये गोव्यात लग्न केलं. मालिकेतली जोडी प्रत्यक्षातही जुळली. राणादा आणि पाठकबाईंच्या बाबतीतही प्रेक्षकांची इच्छा अक्षरशः फळली. हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर २ डिसेंबर २०२२ रोजी पुण्यात खरोखर बोहल्यावर चढले. त्या दिवशी आमच्या सासूबाईंनी शेवयांची खीर केली होती, ती नक्की कशाबद्दल हे त्यांनी सांगितलं नाही.

'सैराट' च्या वाट्याला यांतलं काहीच आलं नाही. त्या नावात दोनच माणसांना जागा होती. तिसरी बाहेर, म्हणजे वैरीण. पाखी कथेतली खलनायिका, तिला नावं ठेवणं एकवेळ समजू शकतं. पण शिव्याशाप ऐश्वर्या शर्मा या नटीला मिळू लागले. तिच्या दिसण्यावर, लग्नावर, चांगुलपणावर घसरण्यापर्यंत मजल गेली. त्याचा त्रास झाल्याचं तिनं स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. मी भाचीला विचारलं, "तूही लिहिलंस का गं तसलं काही?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एकदाच. मग पुसलं."

परदेशातही हेच घडलेलं दिसतं. फिलिपिन्समध्ये दुपारच्या 'ईट बुलागा' या कार्यक्रमात २०१५ च्या जुलैत आल्डन रिचर्ड्स आणि मेन मेंडोझा यांची एक लुटुपुटीची प्रेमकथा सुरू झाली. ती एका आजीबाईंची दाई, बोलायची नाही, फक्त ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलवायची. म्हणून तिचं नाव 'याया डब' आणि जोडीचं 'आल्डब'. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांच्या कार्यक्रमासाठी भलंमोठं सभागृह भरलं आणि त्या एका दिवसात त्यांच्या हॅशटॅगचे ४ कोटींहून अधिक संदेश गेले. तो त्या वेळचा विक्रम होता. पुढे २०२३ मध्ये मेननं अभिनेता आणि लोकप्रतिनिधी आर्जो अटायडे याच्याशी लग्न केलं. तरीही 'आल्डब' चं गुपचूप लग्न झालेलं आहे, त्यांना मूलही आहे, असं मानणारे काही चाहते होतेच. दोघांनी जाहीरपणे नाकारूनही त्यांचं समाधान होत नव्हतं. ज्याचं लग्न झालं तो खोटा आणि ज्यांचं झालंच नाही ते खरे!

यावर हसावं तर एक आठवण आडवी येते. 'बिग बॉस' च्या तेराव्या पर्वात, २०१९-२० मध्ये, सिद्धार्थ शुक्ला आणि शहनाज गिल यांची जोडी लोकांना आवडली. ही पात्रं नव्हती, खरी माणसं होती, तरी नाव तसंच पडलं, 'सिडनाज'. २ सप्टेंबर २०२१ रोजी सिद्धार्थचं मुंबईत निधन झालं. वय अवघं ४०. त्यांचं अर्धवट चित्रित झालेलं गाणं त्यानंतर ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालं. कित्येकांनी ते नाव सोडलं नाही. अर्धं गेलेल्याचं, अर्धं राहिलेलीचं, तरी ते एक नाव होतं. उरलेल्या मुलीनं ते किती वर्षं वागवायचं, हे मात्र तिला कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीत भाची आली होती. आता नोकरीला लागली आहे, मालिका पाहायला वेळ नाही म्हणते. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन बोलता बोलता 'सैराट' ची आठवण निघाली, तेव्हा स्वतःवरच हसली. मग सासूबाईंनी मध्येच विचारलं, "काय गं, तसं आमचं केलं तर काय होईल?"

आम्ही दोघी बघतच राहिलो. या बाईनं पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, लोकांनी अडवून धरल्यावर. एरवी 'अहो', नाहीतर 'हे'. मामंजी जाऊन सहा वर्षं झाली, तरी बँकेच्या कागदावर त्यांचं नाव लिहायचं असलं, की पेन माझ्या हातात देतात.

भाचीनं लगेच गॅसच्या बिलाच्या पाठीवर दोन्ही नावं लिहिली, अक्षरं तोडली, चार-पाच तऱ्हांनी जोडून पाहिली. सासूबाई चष्मा लावून वाकून बघत होत्या.

"पहिलं अक्षर यांचं घे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "नको. माझंच घे. ते काही म्हणायचे नाहीत."

जो शब्द तयार झाला तो मी इथं लिहीत नाही, तशी मला ताकीद आहे. पण त्यांनी तो एकदा मोठ्यानं वाचला, बिल घडी करून पोथीत ठेवलं आणि भाचीला म्हणाल्या, "चकली घे अजून, मऊ पडेल नाहीतर."